पुढचं वजन

इंद्रभाननं सुलतानपूरचा भाजीचा मळा सोडून फोटोचा धंदा धरला, तेव्हा बापानं त्याच्याशी बोलणं टाकलं. माळ्याच्या पोरानं मिरचीची रोपं सोडून लोकांची तोंडं कागदावर उमटवत फिरावं, हे म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पटलं नाही. इंद्रभान मात्र जालन्याच्या एका स्टुडिओत पडेल ते काम करत शिकला, आणि पुढं त्यानं स्वतःचं असं काही केलं जे आमच्या भागात कुणी केलं नव्हतं. लष्करानं भंगारात काढलेली एक जीप आणि तिच्यामागं ओढायची दोन चाकांची ट्रॉली त्यानं लिलावात घेतली. देऊळगाव राजाच्या उकंडराव सुतारानं त्या ट्रॉलीवर फळ्यांची खोली उभारून दिली. वर पत्रा, एका बाजूला दार, पुढच्या भिंतीला हातभर खिडकी. आत चूल, ट्रंका, खाट आणि सगळ्यात मागं, दाराचा उजेड पोचू नये म्हणून, फोटो धुवायची काळी खोली, तिच्यात सिमेंटची जड कुंडी. लोक त्याला डबा म्हणत.

डब्यात इंद्रभानची बायको चांगुणा संसार करी. लेकरू नव्हतं. यात्रा जिथं भरेल तिथं डबा उभा राही. बाहेर ताजमहालाचा नाहीतर बोटीचा पडदा लागे आणि नवी जोडपी, कडेवर पोर घेतलेल्या बाया, मिशांना पीळ दिलेले पाटील त्याच्यासमोर श्वास रोखून उभे राहत. चांगुणा बायांचे पदर सारखे करी, रडणाऱ्या पोरांना खुळखुळा दाखवी. तिला हे जगणं आवडत असे. खिडकीतून रोज वेगळी शिवारं दिसत.

जीप चालवायचा तिचा धाकटा भाऊ निवृत्ती. आधी तो एका जिनिंगच्या ट्रकवर होता. त्याची बायको विमल आणि दोन लेकरं सुलतानपुरातच राहत.

पहिल्याच फेरीला डब्यानं सगळ्यांना घाम फोडला. सिंदखेड राजाच्या पुढं निवृत्तीनं जरा वेग धरला आणि डबा मागं डावी-उजवीकडे झुलू लागला. आधी हळू, मग असा की जीपचं ढुंगणही त्याच्याबरोबर ओढलं जाऊ लागलं. निवृत्तीनं अॅक्सिलेटरवरचा पाय उचलला, स्टेअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि डबा हेलकावे खात खात शांत झाला. तो खाली उतरला आणि डब्याभोवती एक चक्कर मारून आला.

"दाजी, हे काही खरं नाही. हे आपल्याले मारन एक दिवस."

"रस्ता खराब आहे बे."

"रस्ता नाही. डबा उलार झाला."

उलार म्हणजे काय, हे इंद्रभानला सांगायची गरज नव्हती. बैलगाडीत ओझं मागं पडलं की जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. लहानपणी भाजीच्या गाडीत पोती मागं टाकली म्हणून त्यानं बापाचा मार खाल्लेला होता. जीपला गळा नसतो म्हणून तो ही गोष्ट विसरला होता, एवढंच.

मग दोघांनी गावाबाहेरच्या पडीक रानात डबा उभा करून आख्खा दिवस त्यातलं सामान इकडचं तिकडं केलं. काळी खोली हलवता येत नव्हती, कुंडी फळ्यांना पक्की बसवलेली होती. म्हणून पाण्याचं लोखंडी पिंप, जे कुंडीच्या शेजारी होतं, ते खिडकीखाली आणलं. ट्रंका पुढं आल्या, रॉकेलचा डबा पुढं आला, पाटा-वरवंटासुद्धा पुढं आला. दर वेळी जीप जोडून सडकेवर एक चक्कर मारायची, पाहायचं, पुन्हा सोडायचं. चांगुणा भाकरी घेऊन आली तेव्हा दोघं मातीनं माखून हसत होते. संध्याकाळपर्यंत निवृत्तीनं एक खूण बसवली. डब्याचा पुढचा दांडा जीपला अडकवायच्या आधी तो एकट्यानं उचलून पाहायचा. एकट्याला उचलला तर वजन मागं आहे, निघायचं नाही. दोघांनी कण्हत उचलला तर बरोबर. दोघांनाही हलला नाही तर जीपची कंबर मोडेल. त्या दिवसापासून कुठूनही निघताना निवृत्ती आधी दांड्याला हात घाली, आणि चांगुणानं पुढं पिंपाजवळच बसायचं, मागच्या खाटेवर नाही, असं त्यानं तिला बजावून ठेवलं. फोटो धुऊन पिंप अर्धं झालेलं असलं तरी तेवढ्यानं काही बिघडत नसे. डबा बकरीसारखा मुकाट मागून येई.

अशी काही वर्षं गेली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या. ज्वारी वितीएवढी होऊन करपली. अर्धा जिल्हा सडकेच्या कामांवर खडी फोडायला गेला. तरी देऊळगावच्या बालाजीची यात्रा भरलीच, पण माणसं यायची ती हात जोडून परत फिरायची, पडद्यासमोर उभं राहायला कुणाचा जीव होत नव्हता. इंद्रभान स्टुलावर बसून रिकाम्या रस्त्याकडे पाहत राही.

त्या यात्रेत खामगावकडचा एक फोटोवाला आपला धंदा मोडून चालला होता. त्याच्याकडे एक चंद्र होता. लोखंडी सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेली, माणसानं आत बसावं एवढी मोठी चंद्रकोर, तिला चुन्यासारखा पांढरा रंग आणि एक डोळा. जोडपं त्या कोरीत बसायचं आणि मागं ताऱ्यांचा पडदा. इंद्रभानला तो कित्येक वर्षांपासून हवा होता. त्या माणसानं तो जवळजवळ फुकटच देऊन टाकला.

निघायच्या सकाळी चांगुणा बालाजीच्या दर्शनाला गेली होती. चंद्र दारातून आत जात नव्हता. इंद्रभाननं तो डब्याच्या मागच्या भिंतीला बाहेरून दोरानं बांधला. निवृत्ती पेट्रोल घेऊन आला आणि पाहत उभा राहिला.

"हे मागं नोको, दाजी."

"मंग कुठी बांधू? तुया डोक्यावर?"

"तिथंच राहू द्या त्याले. दुसऱ्या फेरीले ट्रकवर टाकून नेऊ."

"दुसऱ्या फेरीले हा थांबून राह्यते का इथं? सुलतानपूरपर्यंतच तं नेऊन राह्यलो."

निवृत्तीनं दांड्याला हात घातला. दांडा एकट्याला सहज उचलला गेला. त्यानं मान हलवली. इंद्रभान दोराच्या गाठी आवळत राहिला. मग निवृत्तीच म्हणाला, "पिंप काठोकाठ भरू. पुढं तेवढं तरी वजन होईन. अन् मी हळूच नेतो."

देवळाजवळच्या विहिरीवर रांग होती. निवृत्तीनं ओळखीच्या माणसाला गळ घालून घागरीमागून घागर आणली. पिंप कडेपर्यंत भरलं तेव्हा कुठं दांडा एकट्याला उचलेना. इंद्रभान सोबत लागला आणि दोघांनी तो कसाबसा उचलून जीपच्या हुकात बसवला. चांगुणा प्रसाद घेऊन आली, मागं बांधलेला चंद्र पाहून हसली आणि आत जाऊन पिंपाशेजारी बसली. पिंप आज भरलेलं का आहे, हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगायचं कुणाच्या मनात आलं नाही. फोटो धुवायला पाणी लागतं, आणि पुढं पाणी मिळायचं नाही, असंच तिला वाटलं.

ऊन चढलं तशी जीप तापली. बिबीच्या अलीकडं एका ठिकाणी सडकेचं दुष्काळी काम चालू होतं. तिथं रेडिएटरमधून वाफ निघाली आणि निवृत्तीनं गाडी बाभळीखाली घेतली.

"आक्का, बादलीभर पानी दे वं," तो ओरडला. "हे थंड झालं का टाकतो." आणि बिडी पेटवायला मुकादमाच्या झोपडीकडे गेला. तिथं सावली होती. तो भिंतीला टेकून बसला आणि त्यानं डोळे मिटले.

चांगुणानं बादली भरून खाली ठेवली. खडीच्या ढिगावरच्या बायांनी ते पाणी पाहिलं. सकाळपासून टँकर आला नव्हता. आधी एक बाई आली, पदरात तान्हं पोर, ओठांवर पांढरी साय धरलेली.

"बाई, घोटभर दे. पोराले."

चांगुणानं तांब्या दिला. मग दुसरी आली. मग ढिगावरून सगळ्याच उठल्या. कुणी भांडली नाही, कुणी हिसकलं नाही. रांगेत उभ्या राहिल्या आणि तांब्या हातात आला की डोळे मिटून प्यायल्या. एक म्हातारी प्यायली आणि उरलेल्या थेंबांनी तिनं आपले डोळे पुसले. चांगुणा पिंपात तांब्या बुडवत राहिली. नाही म्हणायचं तिच्या मनातच आलं नाही. कोण म्हणेल?

इंद्रभान जीपच्या सीटवर कॅमेऱ्याची पेटी मांडीशी धरून बसला होता. त्याला हे सगळं दिसत होतं. पिंपाच्या कडेवर तांब्या आपटल्याचा आवाज हळूहळू पोकळ होत गेला तसा तो उतरून दारापाशी आला.

"पुरे आता."

"होऊन राह्यलं. दोघीच राह्यल्या."

त्यानं आत डोकावून पाहिलं. पिंपाचा तळ दिसत होता. त्याला सकाळचा दांडा आठवला. आठवला नाही असं त्यानं पुढं कधी म्हटलं नाही. पण मागं चंद्र सोडून सडकेच्या कडेला टाकायचा म्हणजे तो गेलाच, आणि पाणी पुन्हा कुठून आणणार? सुलतानपूर आता जवळच होतं. त्यानं दार लावलं.

निवृत्ती उठून आला, रेडिएटरमध्ये पाणी ओतलं, स्टेअरिंगवर बसला. पुढं सडक एका नाल्याकडे उतरत होती. उतार लांब होता. त्यानं इंजिन चालू केलं आणि विचारलं, "पिंप भरलेलंच आहे ना, दाजी? बादलीच काढली ना आक्कानं?"

"हाव," इंद्रभान म्हणाला.

उताराच्या पहिल्या टप्प्याला काही झालं नाही. मग मागून एक झटका आला. निवृत्तीनं नेहमीसारखा पाय उचलला आणि स्टेअरिंग सरळ धरलं. एरवी एवढ्यानं डबा गप्प होई. या वेळी दुसरा झटका पहिल्यापेक्षा मोठा आला, तिसरा त्याहून. उताराचा जोर मागून ढकलत होता. आरशात पांढरा चंद्र एकदा या बाजूला दिसे, एकदा त्या बाजूला. "आक्का!" निवृत्ती ओरडला. डब्यानं जीपचं मागचं अंग उचलून फिरवलं, आणि दोन्ही गाड्या मोडून दुमडल्यासारख्या एकमेकींवर येऊन पुलाच्या कठड्यापाशी उलटल्या.

खडीवरच्या बाया धावत आल्या. त्यांनीच डब्याच्या फळ्या ओढून चांगुणाला बाहेर काढलं. तिचा डावा हात कोपरापाशी मोडला होता. इंद्रभान आधीच बाहेर फेकला गेला होता, त्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नव्हतं. निवृत्ती जीपच्या खाली होता. मुकादमाच्या माणसांनी पहारी लावून जीप उचलली तोवर तो बोलत होता. "आक्काले पाह्या," म्हणाला. मग पाणी मागितलं. डब्यातलं राहिलेलं पाणी सडकेवर सांडून गेलं होतं. कुणाकडेच नव्हतं. ज्या म्हातारीनं डोळे पुसले होते तिनं आपला ओला पदर त्याच्या ओठांवर पिळला. दवाखान्यात नेताना तो वाटेतच गेला.

सुलतानपुरात निवृत्तीच्या अंगणात लोक जमले. विमल भिंतीला टेकून बसली होती, लेकरं तिला चिकटून. तिचा सासरा नव्हता, दीर नव्हता. गावच्या वामनरावांनी, जे नात्यानं निवृत्तीचे चुलते लागत, इंद्रभानला विचारलं, "झालं कसं? पोरगा तं सांभाळून चालवणारा होता."

इंद्रभान खाली पाहत होता. म्हणाला, "पिंप पुढं वजनाले ठेवलं होतं. हिनं वाटेत पानी वाटून टाकलं. पुढचं वजन गेलं. डबा उलार झाला."

सगळ्यांनी चांगुणाकडे पाहिलं. तिचा हात गळ्यात बांधलेला होता. ती म्हणाली, "हाव. मी देल्लं. बायाइले पानी देल्लं."

कुठल्यातरी बाईनं तोंडाला पदर लावला. विमलनं मान वर केली, नणंदेकडे पाहिलं, आणि पुन्हा खाली घातली. चंद्राबद्दल कुणी विचारलं नाही. तो पुलाखाली नाल्यात पडला होता आणि पंचनाम्याला आलेल्यांनी त्याला पत्र्याचा तुकडा समजून सोडून दिलं होतं.

चांगुणा नवऱ्याबरोबर गेली नाही. तो बापाच्या ओस पडलेल्या मळ्यातल्या खोपटात जाऊन राहिला, ती विमलपाशी राहिली. विमलनं तिला ठेवून घेतलं नाही आणि हाकललंही नाही. भाकरी दोघींची होई. चांगुणा स्वतःची अर्धी लेकरांच्या ताटात टाकी. पाणी ती फार थोडं पिई. एकदा विमलनं पाहिलं, तर ती तांब्या तोंडाशी नेऊन तशीच थांबली होती, मग तिनं तो खाली ठेवला.

खायचं तर काम पाहिजे होतं. गावाजवळ बांधाचं दुष्काळी काम निघालं तेव्हा दोघी तिथं जाऊ लागल्या. विमल माती वाहायची. चांगुणाचा हात वाकडाच जुळून आला होता, घमेलं उचलत नसे. तिथल्या मुकादमानं तिला पाणी पाजायच्या कामावर ठेवलं. हंडे भरून सावलीत ठेवायचे आणि मजुरांना वाटायचं. त्याला तिची हकीकत माहीत नव्हती. तिनं ते काम घेतलं.

हिवाळा सरून उन्हं तापायला लागली होती. एका दुपारी इंद्रभान तिला न्यायला कामावर आला. जीपचं भंगार विकून टाकायचं, मळ्यात विहिरीचा गाळ काढायचा, पुन्हा संसार मांडायचा, असं सगळं मनात घोळवत तो आला होता. चांगुणा हंड्यांपाशी बसलेली होती. हंड्यांवर तिनं पाट ठेवले होते आणि पाटांवर दगड. लोक येत होते, ती प्रत्येकाला एक पेला देत होती, त्याहून जास्त नाही. कुणाशी बोलत नव्हती.

एक म्हातारी आली. पेला प्यायली आणि म्हणाली, "अजून एक दे वं माय. घशाले लागलाच नाही."

"एका माणसाले एक."

"अर्धा दे."

"नाही म्हनलं ना."

"हंडा तं भरेल हाय."

"भरेलच राहू दे त्याले!" चांगुणा एवढ्या जोरानं ओरडली की माती वाहणाऱ्या बाया थांबल्या. म्हातारी घाबरून मागं सरली आणि तिथंच उन्हात खाली बसली. चांगुणानं दगड उचलून पुन्हा पाटावर ठेवला आणि हात त्याच्यावरच दाबून धरला.

इंद्रभान पाहत उभा होता. ही बाई यात्रेत रडणाऱ्या परक्या पोरांना कडेवर घेऊन फिरायची. तो जवळ गेला. तिनं ओळख दाखवली नाही. त्यानं हंड्यातून पेला भरून म्हातारीला दिला. चांगुणानं त्याचा हात धरायचा प्रयत्न केला, त्यानं सोडवला. मग तो तिच्यासमोर मातीत बसला.

"चांगुणे, तुया पान्यानं नाही झालं ते."

तिनं पाटावरचा दगड पुन्हा सारखा केला.

"चंद्र मी मागं बांधला. निवृत्ती नोको म्हनत होता. दांडा एकट्याले उचलला जात होता म्हनून त्यानं पिंप काठोकाठ भरलं. तू देवळात होतीस. तुले कोनी सांगतलं नाही. चंद्र नसता तं अर्ध्या पिंपावर किती वेळा गेलो आपन. काही झालं का कधी?"

चांगुणाचे डोळे त्याच्यावर आले.

"अजून आहे. निघताना त्यानं मले इचारलं. पिंप भरलेलं आहे ना. मी पाह्यलं होतं तळ दिसून राह्यला ते. मी हाव म्हनलो."

"काऊन?" ती म्हणाली.

"घरी पोचायचं होतं. चंद्र टाकायचा नव्हता. वाटलं, जाईन."

त्याला वाटलं ती मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"इतके दिवस मी त्याच्या लेकराइच्या तोंडाकडे पाहू शकत नव्हती," ती म्हणाली. "तुमाले दिसत होतं ना?"

"दिसत होतं."

"मले काय सांगता मंग? विमलले सांगा."

विमल घमेलं घेऊन बांधावर उभी होती. इंद्रभान तिच्याकडे गेला आणि त्यानं पुन्हा सगळं सांगितलं, पहिल्यापासून, काही न गाळता. विमलनं घमेलं खाली ठेवलं नाही. डोक्यावर ओझं घेऊनच तिनं ऐकलं. तो बोलायचा थांबला तेव्हा ती म्हणाली, "माया दारात, चार माणसाइत नाव घेतलं होतं ना आक्काचं? चार माणसाइतच सांगा आता. मले एकटीले सांगून मोकळे होऊ नोका."

शुक्रवारी गावच्या पारावर माणसं बसलेली असताना इंद्रभाननं ते सांगितलं. वामनराव होते, सोसायटीचे लोक होते, चावडीवरचे रिकामटेकडे होते. तो उभा राहून बोलला. कुणी शिवी दिली नाही. वामनरावांनी फक्त, "निवृत्तीची माय मेली ते बरं झालं, हे ऐकाले राह्यली नाही," एवढं म्हणून तोंड फिरवलं. थोड्या वेळानं कुणीतरी टँकरचा विषय काढला.

इंद्रभान जालन्याला गेला आणि ज्या स्टुडिओत शिकला होता तिथंच पुन्हा कामाला लागला. मिळेल त्यातलं तो विमलच्या घरी पाठवी. विमल ते घेई, कारण लेकरं होती. सणासुदीला तो येई, ओसरीवर बसे. चांगुणा त्याला चहा करून देई. एकदा तिनं त्याच्या सदऱ्याचं बटणही लावून दिलं. पण त्याच्यासोबत गेली मात्र नाही, आणि त्यानंही पुन्हा कधी चल म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. दोघींनी मिळून निवृत्तीचं वावर पेरलं. चांगुणाचं खाणंपिणं सुधारलं, लेकरं तिच्या अंगाखांद्यावर खेळू लागली. तरी मधूनच ती कामात थबके आणि हातातलं तसंच धरून कुठंतरी पाहत राही. विमल अशा वेळी काही विचारत नसे.

गावाबाहेर मात्र इंद्रभानचं सांगणं पोचलंच नाही. पारावरची गोष्ट पारावरच राहिली. चंद्र, दांडा, मागचं वजन, पुढचं वजन, हे कुणाच्या ध्यानात राहणार? पाणी वाटून भाऊ मारणारी बाई सगळ्यांच्या ध्यानात राहिली. देऊळगावपासून मेहकरपर्यंत ती हकीकत फिरली आणि फिरता फिरता तिला पाय फुटले.

लोणारच्या बाजारातून दोघी एकदा परत निघाल्या होत्या. स्टँडवर एसटीची वाट पाहत बसल्या असताना शेजारच्या एका बाईनं बोलणं काढलं. कुठल्या गावच्या, म्हणाली. सुलतानपूरच्या, म्हटल्यावर ती जवळ सरकली.

"तिथलीच ना वं ती? भावाच्या गाडीतलं पानी जिनं वाटून देल्लं अन् भाऊ मेला? म्हनतात, भावाशी भांडन होतं तिचं. मुद्दामच केलं म्हनतात."

चांगुणानं पिशवी उचलली. "चाल विमल, गाडी लागली."

एसटी खरंच लागली होती, लोक दाराशी दाटले होते. विमल उठली नाही. तिनं आपली पिशवी मांडीवरून काढून खाली ठेवली आणि त्या बाईकडे वळली.

"मी त्याची बायको हावो," ती म्हणाली. "ही त्याची बहीन. आता नीट ऐक. डबा कसा होता ते आधी सांगते तुले."

बाईचं तोंड उतरलं. ती उठू पाहत होती, विमलनं तिचं मनगट धरलं. कंडक्टरनं घंटी मारली. चांगुणा दोघींकडे पाहत थोडा वेळ उभी राहिली, मग पिशवी ठेवून विमलच्या शेजारी बसली. एसटी धूळ उडवत निघून गेली तेव्हा विमल अजून उकंडराव सुतारानं काळी खोली मागं का बांधली, तेच सांगत होती.